वाचनाची गोडी लावताना क्रम कुठे चुकतो: घरच्या घरी तीन महिन्यांची पद्धत

"ताई, वीस पुस्तकं आणून दिली, पोरगं हात लावायला तयार नाही. नुसता मोबाईल बघत बसायलाय." शाळा सुरू झाल्या की हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात, मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी पुस्तकांची पेटी उघडून बसते. पेटीशी येणारे आईवडील मनापासून धडपडणारे असतात. पैसे खर्च करतात, रागावतात, गोंजारतात. तरी गाडी अडते, कारण क्रम उलटा लागलेला असतो. पुस्तक आणायचं, मुलाच्या हातात द्यायचं, "वाच" म्हणायचं आणि वाचून झालं की "काय समजलं, सांग" विचारायचं. ही चारही कामं नंतरची आहेत. त्यांच्या आधी बरंच काही करायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

पुढची पद्धत 4 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. रोज 20 मिनिटं आणि साधारण तीन महिने धरून चला. मूल चौथीत असलं, त्याला वाचता येत असलं, तरी पहिल्या टप्प्यापासूनच सुरू करा. थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारणारे पालक महिन्याभरात पुन्हा माझ्याकडे येतात.

## टप्पा 1: पुस्तकाआधी वेळ आणि जागा (पहिला आठवडा)

पहिले आठ दिवस एकही पुस्तक आणू नका. फक्त घर बघा. संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात कोण काय करतं, टीव्ही कधी लागतो, जेवण कधी होतं, मूल कोणत्या वेळी चिडचिडं होतं, हे एका कागदावर लिहा. त्यातून रोज हमखास सापडतील अशी 20 मिनिटं काढायची आहेत. "वेळ मिळेल तेव्हा वाचू" असं ठरवलेल्या घरांत दुसऱ्याच आठवड्यात वाचन बंद पडतं.

आपल्याकडे वेळापत्रक मोडणाऱ्या दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे नळाला पाणी येण्याचा दिवस. त्या दिवशी सगळं घर घागरी, बादल्या आणि मोटारीच्या मागे असतं. त्या दिवसासाठी आधीच ठरवून टाका: आज फक्त पाच मिनिटं, एक बडबडगीत. वाचन बुडवायचं नाही, छोटं करायचं. दुसरी गोष्ट कारखान्याची पाळी. वडील रात्रपाळीला असतील तर त्यांच्या वाटची वेळ दुपारी, मूल शाळेतून आल्यावर ठेवा. आठवड्यातून दोनदा का होईना, वडिलांच्या, आजोबांच्या किंवा मामाच्या आवाजात पुस्तक ऐकलं पाहिजे. नाहीतर वाचन हे आईचं आणि शाळेतल्या बाईंचं काम, अशी मुलग्यांची समजूत होते आणि ती पुढे जाता जात नाही.

जागा निवडताना अभ्यासाचं टेबल टाळा. तिथे गृहपाठाचं दडपण आधीच बसलेलं असतं. जमिनीवर चादर अंथरा, भिंतीला उशी टेकवा. उजेड मागून, खांद्यावरून पानावर पडायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात रात्री आठपर्यंत उकडतं. तेव्हा वेळ सकाळी लवकरची घ्या किंवा रात्री गच्चीवर बसा. घामाघूम मुलाला कुठलीच गोष्ट गोड लागत नाही, तो त्याचा दोष नाही.

थांबा: टीव्ही बंद करून, मूल ऐन रंगात असताना त्याला वाचायला ओढू नका. पुस्तकाची पहिली ओळखच शिक्षा म्हणून होईल. टीव्हीच्या वेळेला धक्का न लावता दुसरी वेळ शोधा.

तपासा: ठरवलेल्या वेळी सलग पाच दिवस तुम्ही मुलाशेजारी नुसते गप्पा मारत बसू शकलात का? बसलात, तर वेळ बरोबर आहे. नसेल जमलं, तर आधी वेळ बदला, मग पुढे चला.

## टप्पा 2: बारा पुस्तकं जमवा, वीस नकोत

सुरुवातीला बारा पुस्तकं पुरतात. ढीग दिसला की मूल चाळतं, थांबत नाही. बारामधली चार पुस्तकं मोठ्या चित्रांची आणि पानाला एकदोन ओळींची घ्या. चार जरा लांब गोष्टींची, पण प्रत्येक पानावर चित्र असलेली. दोन गाण्यांची. एक माहितीचं, मुलाला ज्याचं वेड असेल त्याचं: रेल्वे, साप, ट्रक, तारे, काहीही. आणि एक मुद्दाम त्याच्या वयापेक्षा मोठं, जे तुम्ही थोडं थोडं वाचून दाखवणार.

पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठावर भाळू नका. मधली तीन पानं उघडा आणि हे बघा:

- अक्षर ठळक आहे का? काना, मात्रा, उकार सुटे दिसतात का? ओळी एकमेकींना चिकटल्या असतील तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात घुसते आणि नवख्या वाचकाची नजर घसरते.
- चित्र मजकुराशी जुळतं का? बाजारात स्वस्त पुस्तकांचे गठ्ठे मिळतात, त्यांत कितीदा लांडग्याची गोष्ट असते आणि चित्रात कुत्रा असतो.
- भाषा बोलती आहे का? दोन वाक्यं मोठ्याने वाचा. तुमचीच जीभ अडखळली तर पुस्तक परत ठेवा.
- शेवटच्या पानावर "तात्पर्य" छापलंय का? असेल तरी चालेल, पण ते वाचायचं नाही.

पैशाची अडचण असेल तर तीन वाटा आहेत. पहिली वाचनालयाची. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आपल्या शहरात आहे, पेठापेठांतही लहान वाचनालयं आहेत. तिथे जाऊन मुलांची पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत, अनामत किती आणि पुस्तक किती दिवस ठेवता येतं, एवढं विचारून या. मुलाला न्यायचं आहे, पण अजून नाही, पाचव्या टप्प्यात. दुसरी वाट प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाची. तिथल्या गोष्टी मोफत उतरवून छापायला परवानगी आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या सगळ्या भाषांत त्या मिळतात आणि त्यांचे सोपे-अवघड असे चार स्तर पाडलेले आहेत. तिसरी वाट 'किशोर' मासिकाची. बालभारती ते 1971 पासून काढते आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी ते उत्तम.

संकेतस्थळावरची गोष्ट मोबाईलवरच दाखवू नका, छापून घ्या. कागद मधोमध दुमडा, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड सुताने शिवा. आपल्या गल्लीत सुताला काय तोटा! जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मुखपृष्ठ लावा आणि त्यावर नाव मुलाकडून लिहून घ्या. माझ्या पेटीतली सगळ्यात जास्त हाताळलेली पुस्तकं अशी शिवलेलीच आहेत. आपल्या आईने शिवलेलं पुस्तक मुलं शोधून काढतात.

पुस्तकं कपाटात बंद करू नका, कण्यांची रांगही लावू नका. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. खिडकीच्या गजांना आडवी सुतळी बांधून तिच्यावर अडकवली तरी चालतील. उंची मुलाच्या हाताची, तुमच्या नव्हे. घरात विड्या वळल्या जात असतील तर तंबाखूची धूळ उडणाऱ्या कोपऱ्यापासून पुस्तकं लांब ठेवा आणि पुस्तक धरण्याआधी साबणाने हात धुण्याची सवय सगळ्यांनाच लावा.

## टप्पा 3: तीन आठवडे फक्त ऐकवा

सगळा पाया या टप्प्यात घातला जातो आणि घाईत बहुतेक घरं तोच गाळतात. तीन आठवडे मुलाने एक अक्षरही वाचायचं नाही. तुम्ही वाचायचं, त्याने ऐकायचं, चित्रं बघायची, बडबडायचं. कारण साधं आहे. नव्याने वाचणाऱ्या मुलाची सगळी शक्ती अक्षर ओळखण्यात खर्च होते, गोष्टीची मजा घ्यायला काही उरतच नाही. मजा काय असते हे आधी कानांनी कळलं, तर पुढची मेहनत करायला मूल तयार होतं.

कसं वाचायचं? दुपारी किंवा आदल्या रात्री गोष्ट एकदा स्वतःशी वाचून ठेवा. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा हे ठरवता येतं आणि अवघड शब्दही आधीच कळतात. मुलाला समोर बसवू नका, शेजारी बसवा, म्हणजे चित्र आणि अक्षरं दोघांनाही सरळ दिसतात. आधी मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा, पुस्तक कोणी लिहिलं आणि चित्रं कोणी काढली ते सांगा. मग अर्धा मिनिट गप्प राहा. मूल काहीतरी बोलतंच.

वाचताना ओळीखालून बोट सरकवा, पण शब्दाशब्दावर ठोकू नका. गती तुमच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडी कमी ठेवा. नाटकी आवाज जमत नसेल तर काढू नका. सरळ, प्रेमाने वाचलेलं मुलांना आवडतं. पान उलटण्याआधी चित्रावर थांबा. चित्रात कोपऱ्यातली मांजर, उलटी चप्पल, फुटकी खिडकी मुलांना आधी दिसते. ती दाखवली की "हो की!" म्हणा आणि पुढे चला.

एखादा शब्द मुलाला कळणार नाही असं वाटलं तर वाचन थांबवून शब्दार्थ सांगत बसू नका. वाक्यातच जोड द्या: "ओसरीवर, म्हणजे आपल्या दारासमोरच्या कट्ट्यावर, आजी बसली होती." पुढच्या वेळी ती जोड गाळा. तिसऱ्या वाचनाला शब्द मुलाचा झालेला असतो.

तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. दहाव्यांदाही. कंटाळा तुम्हाला येतो, मुलाला नाही. पुढे काय होणार हे माहीत असण्याचा त्याला आनंद असतो आणि त्याच वेळी ऐकलेला शब्द आणि दिसणारं अक्षर यांची गाठ पडत असते. एक शब्द मुद्दाम चुकीचा वाचून बघा. मूल ताडकन दुरुस्त करतं, तेव्हा ही गाठ पडल्याचं तुम्हाला कळेल.

सगळ्यात मोठी चूक: गोष्ट संपल्यावर प्रश्नपत्रिका काढणं. "राजाला किती मुली होत्या? यातून काय शिकलास?" हे प्रश्न गोष्टीला धडा करून टाकतात. विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही असं विचारा: "तू त्या उंदराच्या जागी असतास तर लपला असतास कुठे?" मुलाने उत्तर दिलं नाही तर सोडून द्या.

आई-वडिलांना वाचता येत नसेल तर? पूर्व भागात आणि विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अशी पुष्कळ घरं आहेत आणि तिथली मुलं वाचनात मागे पडतील असं मुळीच नाही. मोठं भावंड वाचेल, आई ऐकेल. मांडीवर सूप, हातात पान आणि कात्री, कान पोराकडे. आईने मध्येच "मग काय झालं रे?" एवढं विचारलं तरी पुरे. वाचणाऱ्या मुलाला तो प्रश्न किती बळ देतो ते मी पाहिलंय. मोठं भावंड नसेल तर नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगा, प्रत्येक रात्री वेगळी झाली तरी चालेल. आणि आजीला पुस्तकाशिवायची गोष्ट सांगू द्या. तीही याच टप्प्यातली आहे.

तपासा: तीन आठवड्यांनी मूल स्वतःहून पुस्तक घेऊन तुमच्या मागे आलं का? निदान एकदा? आलं असेल तर पुढे जा. नसेल तर पुस्तकं बदला आणि आणखी दोन आठवडे ऐकवा. यात मागे पडल्यासारखं काही नाही.

## घरची भाषा मराठी नसेल तर

हा टप्पा नाही, पण सोलापुरात तो वगळून चालणार नाही. इथे पोरं घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात, गल्लीत सगळ्यांची मिसळ आणि शाळेत मराठी. "घरी तेलुगू बोलतो म्हणून याचं मराठी कच्चं राहिलं," असं सांगून पालकांना घरची भाषा बंद करायला लावणारे लोक भेटतात. कृपा करून तसं करू नका. गोष्ट कळणं, पुढचं ओळखणं, माणसांची मनं समजणं हे ज्या भाषेत मूल झोपताना अम्माशी बोलतं त्या भाषेतच आधी तयार होतं. मग ते मराठीत येतं.

करायचं असं. पहिल्या दिवशी पुस्तकाची चित्रं दाखवत गोष्ट घरच्या भाषेत सांगा. "अम्मा, कथा चेप्पु" म्हणणाऱ्या पोराला तेलुगूत, "कथे हेळु" म्हणणाऱ्याला कन्नडात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत वाचा. आता गोष्ट माहीत आहे, फक्त शब्द नवे आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची बरीच पुस्तकं एकाच चित्रांसह अनेक भाषांत निघतात आणि स्टोरीवीव्हरवर तर एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापता येते. जोडीने ठेवा.

तेलुगू आणि कन्नडात निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. त्यामुळे "तो खुर्ची", "ती घर" असं मूल म्हणणारच. वाचताना असं झालं तर टोकू नका. पुढच्या वाक्यात तुम्ही सहज "हो, ती खुर्ची मोडली" म्हणा. कान आपोआप सुधारतो, रागावल्याने फक्त तोंड बंद होतं.

## टप्पा 4: जोडीने वाचन (पाचव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत)

आता मूल थोडं थोडं वाचेल, पण एकटं नाही. पुस्तक तेच घ्या, जे ऐकून ऐकून त्याला जवळपास पाठ झालं आहे. नवं पुस्तक इथे आणणं ही मोठी चूक. पाठ असणं म्हणजे फसवणूक नाही. त्या आधारानेच ते अक्षरांवर पाय ठेवतं.

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी ओळ फक्त मुलाने म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही एक वाक्य वाचा, त्याने तेच बोट फिरवत वाचायचं. तिसऱ्यात एक वाक्य तुमचं, एक त्याचं. चौथ्यात एक पान तुमचं, एक त्याचं. दमलं तर उरलेलं तुम्ही वाचून टाका, गोष्ट अर्धवट सोडू नका.

अडखळलं की मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात बहुतेक वेळा ते स्वतःच सुटतं. नाही सुटलं तर शब्द सांगा आणि पुढे चला. "फोड करून वाच बरं," असं म्हणत एका शब्दावर दोन मिनिटं घालवलीत की गोष्ट मेली. ज्या चुकीने अर्थ बदलत नाही ती सोडून द्या. "पळाला"च्या जागी "पळला" वाचलं तर काही बिघडत नाही.

मराठीत मुलं नेमकी कुठे अडतात हे माहीत असलं की धीर धरता येतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, त्यामुळे "किती" वाचताना नजर दचकते. जोडाक्षरं तर आहेतच, पण त्यांतही र सगळ्यात त्रास देतो, कारण तो चार वेषांत येतो: सूर्यातला रफार, चक्रातला तिरपा, ट्रकमधला खालचा आणि दुसऱ्यामधला. यांच्यासाठी वेगळा तक्ता करून वाचनाच्या वेळेत घोकून घेऊ नका. रस्त्यावर शिकवा. एसटी स्टँडवर बसच्या पाट्या वाचा: बार्शी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. बार्शीचा रफार पाटीवर एकदा सापडला की पुस्तकातही सापडतो. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, शेंगा चटणीच्या पुड्यावरचा मजकूर, सगळं वाचनच आहे.

पुस्तक अवघड आहे का, हे तपासा: एक पान मुलाला वाचू द्या. न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. पाचही बोटं दुमडली तर हे पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं आहे. दोन-तीन दुमडली तर जोडीने वाचायचं. एखादंच, तर ते त्याच्या हातात द्या.

थांबा: पाहुण्यांसमोर "चल, काकांना वाचून दाखव" नको. दोन महिन्यांची कमाई एका संध्याकाळी जाते.

## टप्पा 5: निवड मुलाची

आठव्या आठवड्याच्या आसपास मुलाला वाचनालयात न्या. तिथे तुमचं काम फक्त सोबत जाण्याचं. कार्ड त्याच्या हातात द्या, नोंदवहीत नाव त्यालाच लिहू द्या. त्याने साप-विंचवाचं पुस्तक उचललं, विनोदांचं उचललं, बाळांचं चित्रपुस्तक उचललं, तरी "हे काय घेतलंस?" म्हणायचं नाही. चित्रकथा हलक्या आणि जाड पुस्तकं भारी, हा मोठ्यांचा हिशेब आहे.

अर्धवट पुस्तक परत करायची मुभा द्या. आवडलं नाही एवढं कारण पुरेसं आहे. सक्तीने संपवलेलं एक पुस्तक पुढच्या पाच पुस्तकांची वाट अडवतं.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पेटी सुरू केली त्या वर्षी मी भिंतीवर तक्ता लावला होता: पुस्तक वाचलं की एक चांदणी, वीस चांदण्या झाल्या की बक्षीस. महिन्याभरात मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधू लागली, पानं नुसती उलटू लागली. हळू वाचणाऱ्या दोन बहिणी रोज तो तक्ता बघायच्या आणि एके शनिवारी यायच्याच बंद झाल्या. त्यांना मी परत आणू शकले नाही. तेव्हापासून माझ्याकडे चांदणी नाही, बक्षीस नाही, कोणी किती वाचलं याची मोजदाद नाही. तुम्हीही घरी चॉकलेट, पैसे, मोबाईलची जादा वेळ यांचं आमिष लावू नका. आमिष थांबलं की वाचन थांबतं.

## टप्पा 6: मोबाईलशी भांडण न करता

"आधी वाच, मग मोबाईल देईन" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यातून मुलाला एवढंच कळतं की वाचन ही भरायची किंमत आहे आणि मोबाईल हा खरा माल. दोन्हींची गाठ सोडा. मोबाईलची वेळ वेगळी ठरवा, वाचनाची वेगळी, एक दुसऱ्याचं बक्षीसही नको आणि शिक्षाही नको.

त्या 20 मिनिटांत घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत जायला हवेत, तुमचासुद्धा. मोठी माणसं स्वतः काय वाचतात हे मूल बारकाईने बघतं. वर्तमानपत्र वाचा, पोथी वाचा, पण त्याच्या डोळ्यांसमोर कागद धरून वाचा. फोनवर वाचत असाल तरी लांबून तो फोनच दिसतो.

## टप्पा 7: खंड पडला तर

पडणारच. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आली की घरात पाहुणे असतात, नंदीध्वज बघायला जायचं असतं, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात बसायचं असतं. त्या आठवड्यात वाचनाचा आग्रह धरू नका. पोरांना गड्डा भरभरून बघू द्या, तिथल्या पाट्या वाचू द्या. यात्रा उरकल्यावर पुन्हा सुरुवात करताना मात्र जिथे सोडलं तिथून नको, एक टप्पा मागून घ्या: तीन-चार दिवस पुन्हा फक्त ऐकवा. परीक्षा, आजारपण, गावाला जाणं, सगळ्यांनंतर हेच.

परीक्षेच्या काळात वाचन पूर्ण बंद करण्याची पद्धत मला पटत नाही. झोपण्याआधी दहा मिनिटांची गोष्ट अभ्यासाचं काही हिरावून घेत नाही, उलट मूल शांत झोपतं.

## तीन महिन्यांनी काय बघायचं

जुलैच्या मध्याला सुरुवात केली असेल तर 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाच्या सुमारास तीन महिने पुरे होतात. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम असेल. घरी तुम्ही शांतपणे एवढंच बघा: मूल रिकामं असताना पुस्तकाकडे जातं का? गोष्टीतला एखादा शब्द बोलण्यात येतो का? वाचताना हसतं का? किती पुस्तकं झाली हे मोजू नका.

दुसरी-तिसरीतलं मूल तीन महिने रोज जोडीने वाचूनही ओळखीची अक्षरं पुन्हा पुन्हा गोंधळत असेल, ओळ सुटत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल किंवा पुस्तक नाकाशी धरत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. आधी डोळे तपासून घ्या, मग कान. दोन्ही ठीक असतील तर वर्गशिक्षकांशी बोला आणि वाचनाच्या अडचणीची, म्हणजे डिस्लेक्सियाची, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अशी मुलं हुशार असतात, त्यांना शिकवण्याची रीत वेगळी लागते आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. तोवर ऐकवणं चालूच ठेवा, गोष्टींवरचा त्यांचा हक्क अक्षरांमुळे अडता कामा नये.

## पुस्तकं फाटतील तेव्हा

फाटलं म्हणून मारू नका, पुस्तक वर उचलूनही ठेवू नका. महिन्यातून एका रविवारी मुलासोबत डागडुजीला बसा. साधी चिकटपट्टी वर्षभरात पिवळी पडते आणि कागद ओढते. त्यापेक्षा पातळ पांढरा कागद बोटभर रुंद कापून, डिंकात थोडं पाणी घालून तो फाटलेल्या जागी चिकटवा. खळ वापरू नका, पिठाच्या वासाने कसर लागते. कणा सुटला असेल तर पुन्हा दाभण आणि सूत. वर पाट ठेवा, पाटावर पाण्याची कळशी, आणि रात्रभर तसंच राहू द्या. कोणतं पुस्तक आधी दुरुस्त करायचं हे मुलाला ठरवू द्या.